मे महिन्यातला पाऊस आणि दामले मास्तरांचं अध्यक्षपद

पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या सगळ्यांनी बदलापूर पाहिलेलं असतं. पण ते खिडकीतून, आणि तेही केळ्याची साल बाहेर टाकण्यापुरतं. मी तिथं आठ दिवस राहून आलो. आता मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तुम्हाला खोटं वाटेल. ते निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र मला शपथ घालू नका.

झालं असं, की आमच्या कचेरीत एक कागद लागला. 'उन्हाळी शिबिर. नदीकाठचे रम्य स्थान. शुद्ध हवा. निवास व भोजन विनामूल्य.' खाली बारीक अक्षरांत 'श्रमदान' असा एक शब्द होता. मला वाटलं, हे राष्ट्रगीतासारखं काहीतरी असणार. दोन मिनिटं ताठ उभं राहिलं की झालं. मी नाव दिलं. घरी सांगितलं तेव्हा सौ.च्या हातातलं लाटणं थांबलं.

"तुम्ही? शिबिराला? जेवल्यावर स्वतःचा पाट उचलून ठेवत नाही!"

"हवापालट आहे," मी म्हणालो.

बदलापूर

स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊन असं होतं, की माझ्या छत्रीच्या सावलीत दोन गावकरी, एक शेळी आणि तिकीट तपासणारा असे चौघं येऊन उभे राहिले. तिथून पायी शिबिराची जागा गाठली. एक लांबलचक कौलारू शाळा, तिच्या पटांगणात पाच-सहा तंबू, पलीकडे उल्हास नदी, आणि क्षितिजावर मलंगगड. दृश्य खरोखर रम्य होतं. तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातात कुदळ दिली.

पहिला धक्का तो. मी कुदळीकडे पाहिलं, कुदळ देणाऱ्याकडे पाहिलं. ते आमचे शिबिरप्रमुख, दामले मास्तर. निवृत्त हेडमास्तर, गळ्यात शिट्टी, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, आणि चेहरा असा, की हसू आलंच तर त्यालाही आधी अर्ज करावा लागेल.

"जोशी, आपल्याला शाळेपासून हेंद्रेपाड्यापर्यंत रस्ता करायचा आहे."

"आपल्याला म्हणजे?"

"तुम्हाला," मास्तर म्हणाले.

दुसरा धक्का पहाटे साडेचारला. शिट्टी! पुण्यात त्या वेळी आमच्या आळीतली कुत्रीसुद्धा कूस बदलत असतात. इथं तीस बापये अंधारात नदीवर आंघोळीला निघाले होते. मग प्रार्थना, मग सूतकताई, मग रस्ता. सकाळी आठपर्यंत माझ्या तळहातांवर इतके फोड आले, की टाळी वाजवली असती तर पाणी उडालं असतं.

आम्हाला दूध आणून देणारा राघो पाटील हेंद्रेपाड्याचा. आगरी शेतकरी, उंच, काळा, डोक्याला मुंडासं, बोलणं थोडं आणि तेही बरोबर लागेल असं. माझं खणणं तो पहिल्या दिवशी बराच वेळ बघत उभा राहिला.

"सायब, ती कुदल हाय. पंखा नाय. वारा कनाला घालतंव जमिनीला?"

मग त्यानं ती माझ्या हातातून घेतली आणि मी तासाभरात जेवढं खणलं होतं तेवढं पान चघळता चघळता खणून परत दिली. त्या क्षणापासून आमची दोस्ती. तो रोज दुधाबरोबर करवंदं, जांभळं काहीतरी आणायचा आणि पोरीच्या लग्नाच्या गोष्टी सांगायचा. एकुलती एक पोर. नवरा मुलगा अंबरनाथचा, काड्यापेट्यांच्या कारखान्यात कामाला. "पगारदार हाय," राघो सांगे, आणि तो शब्द असा उच्चारी, जसं आम्ही 'बॅरिस्टर' म्हणतो.

उल्हासनगर, कॅम्प १

रविवारी सुट्टी. शिबिरात आमच्याबरोबर सेवकराम नावाचे एक सिंधी गृहस्थ होते, चाळिशीचे, गोल पोटाचे. राहायला उल्हासनगरला. श्रमदानाला का आलात, असं विचारलं तर म्हणाले, "साईं, हम लोगों के लिए किसी ने रस्ता बनाया था. किसने, पता नहीं. तो हम भी किसी का बना देते हैं." त्यांनी मला घरी नेलं. वाटेत अंबरनाथला उतरून शंकराचं जुनं देऊळ पाहिलं. बाहेरच्या भिंतीवर एवढं कोरीव काम, की दगडाला श्वास घ्यायला जागा नाही. आणि देव मात्र पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात, अंधारात, गारव्याला बसलेला. त्या उन्हात मला देवाचा हेवा वाटला.

उल्हासनगर म्हणजे लष्करानं सोडलेल्या बराकी. एकेका बराकीत इतकी बिऱ्हाडं, की एका घरात फोडणी पडली की सातव्या घरातला माणूस शिंकतो. मधे पडदे पोत्यांचे. पण दारात काय नव्हतं? पापड वाळत होते, शिलाईची यंत्रं धडधडत होती, चहाच्या टपऱ्या, कापडाचे ढीग, लोणच्याच्या बरण्या. फाळणी होऊन सहा-सात वर्षं झाली होती, आणि ही माणसं एका बराकीत राहून दुसरीत दुकान काढून बसली होती.

सेवकरामांच्या आईनं मला पाणी दिलं. पाण्याच्या पेल्यावर एक भाजलेला पापड! मी थक्क. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात, जेवणाच्या ताटात शेवटी पापड. इथं गृहप्रवेशालाच पापड. मला वाटलं, चुकून आला असेल, म्हणून मी तो परत दिला. बाईंचा चेहरा उतरला. सेवकराम घाईनं म्हणाले, "अड़े जोशीजी, खाओ खाओ! पापड लौटाया मतलब बोला की घर में बैठना नहीं है." मी तो खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग दुरुस्ती म्हणून आणखी आठ खाल्ले.

पाऊस

सहावा दिवस. आदल्या संध्याकाळी मी मोठ्या तंबूच्या दोऱ्या बांधल्या होत्या. मोठा तंबू म्हणजे दामले मास्तरांचा. त्यात त्यांची खाट, वह्या आणि एक कंदील. मी दोऱ्या अशा ताणल्या, की बोटानं छेडलं तर सतार वाजावी. सेवकरामांनी येऊन हात लावून पाहिलं आणि डोकं हलवलं.

"थोडा ढीला छोड़ो साईं. पानी गिरा तो रस्सी छोटी होती है."

"मे महिन्यात कसलं पाणी?" मी म्हणालो. "आणि दोरी ओली झाली की सैल होते, आखडत नाही. आम्ही पुण्यात कपडे वाळत घालतो."

सेवकराम दोरीवर एक टिचकी मारून निघून गेले. बराकीत जायच्या आधी त्यांनी दोन पावसाळे तंबूत काढले होते, हे मला मागाहून कळलं.

पहाटे शिट्टीच्या आधीच आभाळ गडगडलं. समुद्रात कुठंतरी वादळ झालं होतं म्हणे. पाऊस असा कोसळला, की काय सांगू! एकेक थेंब लिंबाएवढा. मी एक पातेलं बाहेर ठेवलं. ते भरलं नाही, त्याला पोचे आले. आणि तेवढ्यात मोठ्या तंबूकडून आवाज यायला लागले. फट्‌. फट्‌. फट्‌. माझ्या सुताच्या दोऱ्या भिजून आखडत होत्या आणि जमिनीतून एकेक खुंटी दाढ उपटावी तशी उपटत होत्या. शेवटची खुंटी माझ्या कानाजवळून मलंगगडाच्या दिशेनं गेली, ती अजून खाली पडली असेल असं मला वाटत नाही. तंबू बसला. आत दामले मास्तर होते.

कापडाखाली एक मोठा उंचवटा फिरत होता आणि शिट्टी वाजवत होता. आम्ही त्यांना बाहेर काढलं. मास्तर शाबूत होते. चष्म्याची दोन्ही भिंगं फुटली होती.

"कोणी बांधल्या होत्या दोऱ्या?" मास्तर म्हणाले, एका झाडाकडे रोखून बघत.

झाड गप्प राहिलं. मीही.

सगळं शिबिर शाळेच्या लांब खोलीत येऊन बसलं. तीस ओली माणसं, तीस ओल्या वळकट्या, आणि कौलांतून सतरा ठिकाणी गळती. रस्ता बंद, सूत ओलं. पावसात काय करायचं ते वेळापत्रकात लिहिलेलंच नव्हतं. मास्तरांनी 'कंपोस्ट खताचे महत्त्व' यावर तीन तासांचं भाषण लिहून आणलं होतं, पण चष्म्यावाचून त्यांना ते वाचता येईना. देव आहे, असं मला आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

मग काय! सेवकरामांनी चुलीवर पापड भाजले. भेंड्या झाल्या. कचेरीतल्या आमच्या साहेबांच्या घोरण्याची मी नक्कल केली, तर दोन कौलं निसटली. मजेत चाललं होतं. पण मास्तर मागच्या खोलीत ओले कागद वाळवत बसले होते आणि दर पाच मिनिटांनी तिथून एक सुस्कारा येत होता. दिवस फुकट चालला, हे त्यांना सोसत नव्हतं.

दुपारी राघो आला. डोक्यावर घोंगडी, कमरेपर्यंत चिखल. आज दूध नव्हतं त्याच्या हातात. दारातच उभा राहिला.

"जोशी सायब, मांडव परला."

मला आठवलं. आजच लग्न होतं पोरीचं. सूर्य मावळायच्या वेळेला.

"अख्खा मांडव पडला?"

"अख्खा. चुलीन पानी. घरान गुडग्यापरीं पानी. पाड्यान कनाच्या घरान पाच मानसां बसतील येवरी कोरडी जागा नाय." त्यानं शाळेच्या लांब खोलीवरून नजर फिरवली. "येवरी येकच जागा हाय."

"पुढं ढकला की लग्न."

राघो माझ्याकडे असा बघत राहिला, जसा पहिल्या दिवशी माझ्या खणण्याकडे बघत राहिला होता.

"हलद लागली पोरीला. हलद लागलेली पोर तशीच ठेवाची? आता मुहूर्त दिवालीचे पुढं. नवऱ्याचा चुलता आदीच मना बोलला, पावसाचा अपशकून हाय. आज नाय झाला तं ते परत येनार नाय, सायब. मंग माजे पोरीला कोन करल?"

एवढा उंच माणूस, आणि बोलता बोलता घोंगडीचं टोक पिळत होता.

मी म्हणालो, "थांब, मास्तरांना विचारतो," आणि तावातावानं मागच्या खोलीत शिरलो. मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्तरच बोलले.

"जोशी, तो स्टेशनजवळचा वाणी सकाळी आला होता. त्याची पोती इथं ठेवायची म्हणे. मी स्पष्ट सांगितलं. मी शाळेला लिहून दिलंय, खासगी कामाला ही जागा एक वीतही मिळणार नाही. मग तो कोणीही असो. बरोबर की नाही?"

"बरोबर," मी म्हणालो. बाहेर राघो उभा.

आणि मग माझी जीभ माझं न ऐकता चालायला लागली. "सर, पाड्यातल्या बायका लोकगीतं म्हणायला तयार आहेत. आज संध्याकाळी. इथं. पावसाचा दिवस सत्कारणी लागेल."

मास्तरांची मान वर आली. "लोकगीतं? कसली?"

"लग्नाची."

"वा! पण नुसती गाणी नकोत, जोशी. प्रात्यक्षिक हवं."

"आहे सर. नवरा, नवरी, वऱ्हाड, सगळं आहे."

"पोशाखासकट?"

"पोशाखासकट."

"आणि अध्यक्ष?"

"आपणच."

मास्तरांनी फुटका चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि घसा साफ केला. मी बाहेर येऊन राघोला सांगितलं, "मास्तरांना आनंद झालाय. स्वतः हजर राहणार आहेत." दोन्हीकडे मी एक शब्दही खोटा बोललो नाही, हे कृपा करून लक्षात घ्या.

राघो माझ्या पाया पडला. मी हादरलो. थापा मारल्याबद्दल आजवर मला बरंच काही मिळालंय, नमस्कार नव्हता मिळाला.

तीन तासांचं लग्नघर

त्या दुपारी तीस माणसांनी जे काम केलं, ते आधीच्या पाच दिवसांत मिळून झालं नव्हतं. पाड्यावरून डोक्यावर पातेली, पाट, तांदूळ, बायका, सगळं पावसातून आलं. सेवकरामांनी पडलेला मोठा तंबू उचलला, शाळेच्या पडवीला त्याचं छप्पर केलं, भोवती चर खणून पाणी वळवलं आणि खाली चुली मांडून दिल्या. दोऱ्या स्वतः बांधल्या. सैल.

"सेवकरामजी, कुठं शिकलात हे?"

"साईं, मेरी बहन की शादी भी तंबू में हुई थी. ऐसी ही बारिश." ते गाठ मारत राहिले. "वो तंबू भी गिरा था. तब सीखा."

वऱ्हाड अंबरनाथहून गाडीनं आलं आणि स्टेशनपासून चालत. पुढं वाजंत्री, त्यांच्या सनईतून सुरांच्या आधी पाणी. मागं नवरा मुलगा. मुंडावळ्यांचा रंग धुऊन गालांवर उतरलेला, त्यामुळे एक गाल हिरवा आणि एक गुलाबी. त्याच्यामागं तो चुलता, आभाळाला नाही तर राघोला दोष देत चाललेला. "आमचे इकरं असा पाऊस परलाच नाय हो."

मी दामले मास्तरांना मधोमध खुर्चीत बसवलं होतं आणि त्यांनी माझं मनगट पकडून ठेवलं होतं, कारण त्यांना दोन हातांपलीकडचं सगळं धुरकट दिसत होतं.

"हा नवरा का? काय रंगभूषा केली आहे हो! अगदी ग्रामीण." थोड्या वेळानं, "आणि ती रडते आहे ती?"

"मुलीची आई, सर."

"किती नैसर्गिक! आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात असं रडणं मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही."

मी मान डोलावली. वालाच्या बिरड्याचा आणि वड्यांचा वास पडवीतून येत होता. पण मला भुकेपेक्षा एक मोठी काळजी लागली होती. भटजी कुठं होते? खोलीत एक म्हातारी होती, हिराबाय नावाची, ऐंशीच्या घरातली, वीतभर उंच, तोंडात एकही दात नाही. ती दुपारपासून दोन बायकांना घेऊन गात होती. गाणी लांबलचक, त्यांत देवांची नावं, डोंगरांची, नदीची, पाटाची, हळदीची, मामा-मावश्यांची. आवाज असा, की इंजिनाला लाज वाटावी. मला वाटलं, भटजी येईपर्यंत बायका वेळ काढतायत. खिडकीबाहेर उजेड उतरत चालला. भटजींचा पत्ता नाही. ते नक्की कुठल्यातरी ओढ्यापलीकडे अडकले असणार, आणि हे राघोला सांगायची कोणाची हिंमत होत नसणार! विचारायचं तर मास्तर शेजारी, मनगट त्यांच्या मुठीत.

मुलीला आणलं. नवऱ्यासमोर उभं केलं. मधे अंतरपाट धरला. आणि पुढं कोणीच नाही! फक्त ती म्हातारी, हातात तांदळाचं ताट घेऊन.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर भिक्षुकी केली. मंगलाष्टकं मला झोपेत येतात. मी मनगट सोडवलं, खांद्यावर पंचा टाकला, अंतरपाटाशी जाऊन उभा राहिलो आणि डोळे मिटून वडिलांसारखा खर्जातला सूर लावला.

"ए! खाली बस!"

मी डोळे उघडले. हिराबाय माझ्या कमरेएवढी होती आणि तरी वरून माझ्याकडे बघत होती.

"आजी, भटजी अडकलेत वाटतं. मुहूर्त टळेल. मला येतात..."

"कनचा भट? लगीन मी लावताव ह्या पाड्यान. राघोचा मी लावला. त्याच्या बापाचा माज्या आयशीनी लावला. तू कोन?"

माझ्या तोंडाचा आ झाला. बाई लग्न लावते! नुसती गाऊन! आमच्या घराण्यात सात पिढ्या पुरुषांनी लग्नं लावली, आणि इथं आगऱ्यांच्या पाड्यात ते काम म्हाताऱ्या बायकांचं. धवलारीण म्हणतात तिला. दुपारपासून मी जी वेळकाढू गाणी समजत होतो, ते लग्नच चाललं होतं.

"तुमचेत कोन लावतो?" तिनं विचारलं.

"भटजी."

"बाप्या?"

"हो."

ती बायकांकडे वळली. "बाप्या लावतो म्हनं. आन् टिकतो का गो त्यो लगीन?"

बायका खो खो हसल्या. नवरीसुद्धा अंतरपाटाआड हसली, हे मी पाहिलं. आणि त्या हसण्यातून खुर्चीवरून आवाज आला.

"जोशी. हे तुमचं वाक्य प्रवेशात होतं का?"

मास्तर उठले. हात पुढं करून चाचपत आले, नवरीच्या अगदी जवळ वाकले आणि तिच्या हातांकडे पाहिलं. हळद. एक दिवसाची, कोपरापर्यंत चढलेली.

"हे... प्रात्यक्षिक आहे ना?"

"मास्तर," राघो म्हणाला, "प्रात्यक्षिक मंजी काय?"

मग मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या बाजूला. राघोनंही पाहिलं. त्या दोन नजरांमध्ये मी असा चेपलो, की मी बांधलेल्या तंबूतसुद्धा कोणी चेपलं नसेल. मी सगळं सांगून टाकलं. तीन वाक्यांत. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत छोटी गोष्ट.

राघोनं डोक्यावरचं मुंडासं काढलं. "माफी करा, मास्तर. मना ठावं नवता." मग पोरीकडे वळून, "चल गो. भायेर जाऊ."

बाहेर पाऊस कोसळत होता. चुलता पुढं सरसावला. "मंजी लगीन हाय का नाय? नसंल तं सांगा, आमची गाडी हाय."

"मी शाळेला लिहून दिलंय," मास्तर म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. "मी काय करू? मी लिहून दिलंय."

"काय लिवून दिलाव?" हिराबायनं विचारलं.

"खासगी समारंभाला जागा देणार नाही."

म्हातारीनं तांदळाचं ताट काखेत धरलं आणि खोलीभर बोट फिरवलं. "ह्यो खासगी कनचा? आख्खा पाडा हाय. तुमचे तीस बापे हायेत. त्यो पापडवाला सिंधी हाय. मेलेले सोडून सगले हायेत. अजून कोन आला म्हंजी तुमचा सरकारी व्हतो?"

दामले मास्तरांनी तिच्या बोटामागोमाग खोलीभर मान फिरवली.

"पोरीचा मामा नाय आला," हिराबाय म्हणाली. "वांगनीचे वरचे ओढ्याला पानी हाय. पोरीचे मागं हुभा रानारा कोन नाय. तुमी मोठं हाव. हुभं रा."

आणि मास्तर उभे राहिले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर मीच म्हणालो असतो, जोशी थापा मारतोय. नवरीच्या मागं गेले. हात तिच्या खांद्यांवर ठेवले, आधी बोटांच्या टोकांनी, मग पूर्ण. हिराबायनं सूर धरला. कौलांवर पाऊस, आत तिचा आवाज. तांदूळ आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवर पडले. वाजंत्री वाजली. चुलत्यानं तोंड मिटलं. राघो भिंतीकडे तोंड करून उभा होता, मुंडासं हातातच.

मी सेवकरामांना म्हणालो, "झालं?"

"हो गया," ते म्हणाले आणि नाक पुसलं.

हेंद्रेपाडा

सकाळी पाऊस उघडला. वऱ्हाड निघालं. पाठवणीला आम्ही सगळे चिखलात उभे होतो. नवरी आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पडली, आणि मग सरळ दामले मास्तरांकडे आली, वाकली आणि उठून त्यांच्या छातीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मास्तरांना आपले हात कुठं ठेवावे ते कळेना. शिट्टी मधे येत होती. ती त्यांनी हळूच पाठीमागं टाकली.

वऱ्हाड स्टेशनकडे गेलं. माणसं पांगली. मी मास्तरांच्या बोलण्याची वाट बघत होतो, कारण आता माझं काही खरं नव्हतं.

"जोशी, तुम्ही मला फसवलंत."

"हो सर."

"दोरीही तुमचीच होती."

"हो सर."

ते अंबरनाथच्या दिशेनं बघत होते. त्यांना तिकडचं काहीच दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं.

"तिचं नाव काय हो?"

सहा दिवस राघो मला पोरीच्या गोष्टी सांगत होता. पोर अशी, पोर तशी. मी एकदाही तिचं नाव विचारलं नव्हतं.

आम्ही दोघं आमच्याच अर्धवट रस्त्यावरून, घोटाभर चिखलातून हेंद्रेपाड्याला गेलो. राघो वऱ्हाडाला पोचवायला स्टेशनवर गेला होता. हिराबाय पडलेल्या मांडवाचे बांबू वेचत होती. मास्तरांनी विचारलं. म्हातारीनं बांबू खाली ठेवला आणि कमरेवर हात दिले.

"मामाला भाचीचा नाव ठावं नाय?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"सोनी."

मास्तरांनी ते नाव एकदा म्हटलं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. हिराबाय पुन्हा बांबू वेचायला वाकली, आणि मास्तरही वाकले.